घुंगरू बांधणारी मुलगी

माझी आई सुमती खोताच्या वाडीत लग्न होऊन आली ती एक गोष्ट लपवून. पंधराव्या वर्षी तिने एका बोलपटात काम केलं होतं. तिचे मामा स्टुडिओत पेटी वाजवत. एक मुलगी कमी पडली म्हणून त्यांनी हिला नेलं. नाटक कंपनीच्या रंगपटात घडणारा तो गाण्यांचा विनोदी बोलपट होता. नायिकेच्या पायांत घुंगरू बांधायचे आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच आईचं काम.

सत्तावन्न साली, गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी, वाडीतल्या मंडळींनी रविवारी सकाळी गिरगावातल्या थिएटरात एका जुन्या बोलपटाचा खेळ ठरवला. नेमका तोच! नाव ऐकलं आणि आई सबब सांगू लागली.

"डोकं दुखतंय. मी घरीच थांबते."

"संयुक्त महाराष्ट्राचं काम आहे, सगळी वाडी येतेय," बाबा म्हणाले. "तू नाही आलीस तर बरं दिसेल का?"

सिनेमातल्या बायकांचा विषयही बाबांना खपत नसे. थिएटरात एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आजी, मध्ये आई. मी आजीच्या पलीकडे. घुंगरांचा प्रसंग आला. पडद्यावरची मुलगी वाक्य विसरली, जीभ चावून हसली; गंमत म्हणून ते बोलपटात तसंच ठेवलं होतं. सगळं थिएटर खदखदलं. आई डोळे मिटून बसली होती.

"आई, ही तुझ्यासारखी हसते!" मी ओरडले.

आजीने माझा हात दाबला. "गप्प बस, बेबी."

बाबा पडद्याकडेच बघत राहिले.

घरी आल्यावर आजीने आईला स्वयंपाकघरात नेलं. "तुझ्या मामांनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं. माझ्या मनमोहनला मी बोलले नाही. तूही बोलू नकोस, तुला माहेरी धाडेल तो."

आईला दुपारी जेवण गेलं नाही. जिन्यावर पावलं वाजली की वाटे, कुणीतरी ओळखलं, आता सांगायला येतंय. शेवटी संध्याकाळी तिने स्वतःच बाबांना सांगितलं.

"माझ्या आईला माहीत होतं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो."

ते चपला घालून निघून गेले. तीन दिवस लालबागला मित्राकडे राहिले. आईने ट्रंकेत चार लुगडी भरून ठेवली होती.

चौथ्या दिवशी आले ते आजीसमोर उभे राहिले. "काम केलं ते केलं. पण इतकी वर्षं दोघींनी मला परका धरलंत?"

आजी रडली. आईने लुगडी काढून ठेवली. बाबा दिवाळीपर्यंत तुटक बोलत, मग निवळले.

मी मॅट्रिक झाल्यावर आईने हे मला सांगितलं. दार लावून, हलक्या आवाजात.