कार्डाची दुसरी बाजू

रविवार, सोळा जून, सकाळी साडेदहा. ठिकाण: खापा, गजभिये सरांचं घर. हजर: सरांची मुलगी प्रज्ञा, आमची कांचन सिस्टर आणि मी. काम: सरांच्या माघारी त्यांची इंग्रजीची कार्डं नीट लावणे.

कार्डं इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यांत होती. खोकी मीच दिलेली. धंतोलीतल्या ज्या इस्पितळात मी मेट्रन आहे, तिथे परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना सर इंग्रजी बोलायला शिकवत. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी खाप्याहून एसटीने येत. पहिल्याच दिवशी त्यांनी कांचनला विचारलं, "मुलाखतीचं नाव काढलं का तुले काय होते वं?"

"टेन्शन येते, सर."

"ते सगळ्यायले येते. पोटात काय होते ते सांग."

कांचनने जरा विचार केला. "काहीतरी फडफडून राहिलं असं वाटते."

सर खुर्चीतून उठलेच. "अवं, इंग्रजाच्या पोटातही तेच! तो म्हणते, पोटात फुलपाखरं शिरली."

कार्डाच्या एका बाजूला कांचनचं वाक्य, तिच्या नावासह. दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हाच त्यांचा नियम. स्वतःचं सांगितल्याशिवाय साहेबाचं मिळणार नाही.

सरांना कुतूहल फार. ऐनवेळी कच खाल्ली की इंग्रजाचे पायच गार पडतात, आपले हातही पडतात, असं का? निर्णय होत नसला की तो कुंपणावर बसतो, आपण तळ्यात-मळ्यात करतो. "आपल्याले निदान उड्या माराले भेटते," सर म्हणत. "तो बिचारा काहून बसून राहिला असंल, तेही कुंपणावर?" मी एकदा सगळी कार्डं अकारविल्हे लावून दिली. पुढच्या रविवारी त्यांनी ती पुन्हा विस्कटली आणि शरीराप्रमाणे लावली: पोट, छाती, पाय. "बाई, भेव काही अ-आ-इ-ई पाहून येत नाही."

अडीच वर्षांपूर्वी सर आमच्याच इस्पितळात दाखल झाले. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद. ऑपरेशन लगेच हवं होतं, पण संमतीपत्रावर त्यांची सही होईना. डॉक्टरांनी विचारलं की हसून इंग्रजीत सांगायचे, मी कुंपणावर आहे. दुसऱ्या दिवशी फुलपाखरं. डॉक्टरही हसायचे. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला बाहेर बोलावलं. "आज सही झाली नाही तर उद्याची वेळ जाईल. आणि यांच्याकडे तेवढी सवड नाही."

मी एक कोरं कार्ड आणि पेन घेऊन सरांच्या खाटेशी बसले. "तुमचाच नियम, सर. आधी आपल्या भाषेत."

"काहून पिळून राहिल्या जी, बाई?"

"सांगा. मी लिहिते आहे."

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "सुमनच्या ऑपरेशनच्या कागदावर म्याच सही केली होती. झटक्यात. ते वापस आली नाही. आता पेन धरलं का बोटं म्हणतात, आमी हे काम एकदा केलं, आता नाही करत."

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांच्या ओळखीत हे मला ठाऊक नव्हतं. मी वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. कपाळाला आठी पडली.

"बाई, 'सही'ची वेलांटी विसरल्या तुम्ही."

"मग दुरुस्त करा."

त्यांनी पेन घेतलं, वेलांटी घातली. पेन हातात होतंच. मी कार्डाखालचं संमतीपत्र पुढे सरकवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे, आणि सही केली.

बरे झाल्यावर दोन वर्षं त्यांचा रविवार चुकला नाही. त्या कार्डाला इंग्रजीत काय म्हणायचं, असं विचारलं की सांगत, "शोधून राहिलो." गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी झोपेतच गेले. रविवारची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

दीड वाजेपर्यंत कार्डं लागली. पोट: दोन खोकी. छाती: एक. पाय: एक. बोटं: एकच कार्ड, मागची बाजू कोरी. कांचनची निवड झाली आहे, पुढच्या महिन्यात ती आयर्लंडला जाते आहे. त्या कार्डाचं इंग्रजी तिथल्या लोकांना विचारून कळवायचं काम तिच्याकडे दिलं आहे. कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. काम बाकी.