घरच्यासाठी राखून ठेवलेला सेट

सगळे त्याला पाववाला म्हणत, पण त्याने आयुष्यात एकही पाव भाजला नव्हता. बेकरीतले भाजलेले पाव उचलायचे आणि दुकानं उघडायच्या आत शहरभर पोचवायचे, हा त्याचा धंदा. गाडी स्वतःची, डिझेलवरची पिकअप, धाकट्या मुलीपेक्षा वयाने मोठी. पहाटे ती एका दमात चालू झाली की तो तिला शाबासकी द्यायचा. माणूस कुरकुऱ्या. ट्रेमधला एखादा पाव चेपला तरी तोंड वाकडं करायचा, दुकानदाराने शटर उघडायला उशीर केला की हॉर्नवर कोपर टेकून बसायचा. सासरच्या माणसांपुढे मात्र सगळी कुरकुर बंद. बायकोच्या माहेरचं कोणी नुसतं "दाजी" म्हणालं की हा पाघळलाच.

त्या थंडीत गाडी सकाळी चालू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, आणि चालू झालीच तर बेकरीच्या आवारात पांढऱ्या धुराचा लोट. गरम पावांवर धूर सोडणारी गाडी कुठल्या बेकरीला चालेल? सुपरवायझरने त्याला बाजूला घेतलं. "काका, आणखी एकदा माल उशिरा गेला तर लाइन दुसऱ्याला देईन. मला वरून शिव्या बसतात." लाइन म्हणजे त्याची ठरलेली दुकानं, ठरलेला रस्ता, घरातली चूल. ती गेली तर दारात पिकअपच्या आकाराचं भंगार तेवढं उरणार होतं.

इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेलेत हे त्याला आवाजावरूनच कळलं होतं. टाकायचे कुठले, हा प्रश्न होता. त्यावर त्याने आवारातल्या ड्रायव्हरांकडून जेवढी मतं गोळा केली, तेवढी थोरलीचं लग्न जमवतानाही केली नव्हती. एक म्हणाला, कंपनीचे नवेच घे, बाकी सगळी लबाडी. दुसरा म्हणाला, या गाडीला नवे इंजेक्टर म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडात सोन्याचे दात. बाजारात बिननावाच्या खोक्यातले मिळायचे, स्वस्त आणि चकचकीत. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी ठरवलं, आधी चारही काढून टेस्टबेंचवर लावायचे, डिझेलचा फवारा कसा पडतो ते बघायचं आणि जो गळत असेल तेवढाच बदलायचा. अगदी शहाण्यासारखं ठरवलं होतं. आणि मग तो मेव्हण्याकडे गेला.

मेव्हणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. इंजेक्टर आणि पंपाची दुरुस्ती करायचा. पुढे दुकान, मागे घर. दुकान थाटलं तेव्हा त्याचा टेस्टबेंच याच पिकअपमधून आला होता, आणि तो उतरवताना पाववाल्याची धरलेली पाठ अजून सुटली नव्हती. दुकानाची रीत अशी की गिऱ्हाइकाने बेंचपाशी उभं राहून आपल्या इंजेक्टरचा फवारा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि बदललेले जुने पार्ट चिंधीत बांधून घरी न्यायचे. ही रीत परक्यांसाठी.

"दाजी, तुम्ही कशाला तेलात उभे राहता? आत बसा, चहा घ्या. मी आहे ना."

दाजी आत जाऊन बसले. मेव्हण्याच्या बायकोने पलंगावर धुतलेली चादर अंथरली, उशी पाठीशी दिली, बशीभर बिस्किटं पुढे ठेवली. बाहेर याच्या पोटापाण्याचा निकाल लागत होता आणि हा आत चहात बिस्किट बुडवत होता. याला मान म्हणायचं असेल तर म्हणावं.

हात पुसत मेव्हणा आत आला. "चारही गेलेत, दाजी. एकही धड नाही."

"चारही? मला वाटलं एखादा असेल."

"सगळे. आणि नवे घेऊ नका हां, या इंजिनाला मानवत नाहीत. माझ्याकडे एक रिकंडिशन सेट आहे. घरच्यासाठी राखून ठेवला होता. तोच टाकतो."

घरच्यासाठी! एवढ्या एका शब्दाने पाववाल्याला भरून आलं. आपले जुने मागून घ्यावेत असं मनात आलं, पण जीभ रेटली नाही. सख्ख्या मेव्हण्याकडे जुने पार्ट मागायचे म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं.

घरच्यासाठी राखलेला तो सेट जेमतेम आठवडाभर नीट चालला. मग धूर परत आला, वर इंजिन ठोकायलाही लागलं. मेव्हणा म्हणाला, डिझेलमध्ये पाणी असेल. पुढच्या खेपेला म्हणाला, पंप उघडावा लागेल, पण सध्या कामाचा फार रेटा आहे, दाजी. एका सकाळी गाडी भर चौकात बंद पडली. पाव थंड झाले, दुकानदारांचे फोन बेकरीत गेले आणि लाइन गेली.

दोन-चार दिवस तो घरातून हलला नाही. मग उरलेले रिकामे ट्रे परत करायला बेकरीत गेला. त्याच्या जागेवर त्याच्याच बनावटीची एक पिकअप उभी होती, जुनीच, पण नवा रंग मारलेली. कोणीतरी सेल्फ मारला आणि गाडी एका दमात चालू झाली. तो आवाज ऐकून पाववाला जागच्या जागी थांबला. शाळा सुटल्यावरच्या गलक्यात आपल्या पोराचं खोकणं ओळखू येतं, तसा तो ओळखीचा होता.

केबिनमधून मेव्हणा उतरला आणि इंजिन बघायला त्याने बॉनेट उघडलं. पाववाला ट्रे घेऊनच पुढे झाला आणि आत वाकला. मागे एकदा इंजेक्टर काढले होते तेव्हा अदलाबदल नको म्हणून त्याने मुलीच्या नेलपॉलिशने त्यांच्यावर ठिपके दिले होते. ते आता काळपटले होते, पण होते. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, शेवटच्यावर चार. तिसरा कोरा करकरीत.

"म्हणजे तिसराच गेला होता," तो म्हणाला.

मेव्हणा दचकला, पण सावरला. सावकाश बॉनेट खाली घेतलं. "दाजी, लाइन तुमच्या हातून जाणारच होती. परक्याने नेली असती. घरातच राहिली, असं बघा की."

पाववाल्याला त्याच्या थोबाडीत मारायची होती. हातात ट्रे होते. ते खाली ठेवेपर्यंत मेव्हणा सुपरवायझरशी बोलत उभा होता.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने सगळं सांगितलं, धाप लागेपर्यंत सांगितलं. तिने हातातली घडी पूर्ण केली.

"मला बोलला होता तो," ती म्हणाली. "त्याने ती गाडी घेतली तेव्हाच."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तुमची गाडी किती दिवस चालणार होती? आणि तो तुम्हाला ड्रायव्हर म्हणून ठेवतोय. मीच घातलं त्याच्या कानावर. नाही म्हणू नका, नाराज होईल."

त्या दिवशी तो जेवला नाही. मेव्हण्याला, त्याच्या दुकानाला, त्या चहाला शिव्या घातल्या. बायको ऐकून घेत राहिली, कारण तिला ठाऊक होतं की धाकटीचं शिक्षण अजून व्हायचं आहे आणि हा ड्रायव्हर म्हणून जाणार. पिकअप भंगारवाल्याने ओढून नेली आणि हा गेला.

पहिल्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मेव्हणा गाडीशेजारी मफलर गुंडाळून उभा. पाववाला केबिनमध्ये चढला, किल्ली लावली आणि त्याने अगदी मनापासून मागितलं की ही चालू होऊ नये. सगळ्या आवारादेखत धूर सोडत, ठोकत, इथेच बसावी.

गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. धूर नाही, ठोका नाही. त्याच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली, आणि ती आवरायच्या आत वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडून निघून गेलं, "शाब्बास!"

खाली उभा असलेला मेव्हणा लाजून हसला. त्याला वाटलं, ते त्यालाच होतं.