धूर कोणी थांबवला

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भिंतीवर शील्ड टांगलेली असताना तिच्याखाली बसून खरं बोलणं अवघड जातं.

रत्नागिरीबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर, एका खाजगी कंपनीची धावपट्टी होती. आठवड्याला दोन विमानं यायची, तरी आम्ही तिला विमानतळ म्हणायचो. मी तिथला व्यवस्थापक. विमान उभं असेपर्यंत आतला एसी चालावा म्हणून डिझेलचा जनरेटर दिवसभर धडधडायचा. मालकांचं बूड गार राहिलं पाहिजे, एवढंच आमचं धोरण.

कुंपणापलीकडे एका चाचांची आंब्याची बाग होती. उभी हयात त्यांनी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेली. दर शुक्रवारी नमाजानंतर ते यायचे आणि आंब्याच्या पानांवरून फिरवून काळा झालेला रुमाल माझ्या टेबलावर ठेवायचे.

"चाचा, इथे धोबी नाही," मी म्हणायचो. स्टाफ खिदळायचा.

"रुमाल मी धुवीन साहेब, मोहर कोण धुणार? विजेची लाइन विमानापर्यंत आणा नि हे धूड बंद करा. गोदीत बोट लागली की आम्ही हेच करायचो."

हेच ते अर्जातही लिहून द्यायचे; ते अर्ज मी खणात टाकत गेलो.

मग मुंबईहून फर्मान आलं. परदेशी भागीदार येणार आहेत, कार्बन कमी करायला काय केलंत ते कळवा. आम्ही काडीइतकंही केलं नव्हतं. मी खण उघडला. दोन महिन्यांत लाइन आली, जनरेटर गप्प झाला. कंपनीच्या पर्यावरण पुरस्काराच्या फॉर्मवर विचारलं होतं, प्रेरणा कोणती? मी लिहिलं, निसर्गप्रेम. कल्पना कोणाची? माझी. भागीदार आले नसते, तर माझं निसर्गप्रेम खणातच कुजलं असतं.

शील्ड मिळाल्यावर चाचा आले. मला वाटलं, आता भांडतील.

"साहेब, एक कागद द्या. माझं म्हणणं बरोबर होतं, एवढंच लिहा. पोरगे दुबईहून फोनवर हसतात. म्हणतात, अब्बांचं डोकं फिरलंय."

"वरून परवानगी लागते, चाचा."

त्यासाठी ते आणखी चार-पाच वेळा आले. परवानगी मी मागितलीच नव्हती.

ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं: कल्पना तुमच्या वडिलांची, मी ती चोरली, मला माफ करा. दारातच थोरल्या मुलाने माझे हात धरले.

"साहेब, अब्बांनी तुम्हाला फार पिडलं. माफ करा त्यांना."

"असू दे, असू दे," मी म्हणालो, आणि चाचांना माफ करून घरी आलो.