पहिला नंबर कुणाचा

परभणीत बँजोच्या तारा घ्यायला गेलो की वाद्यांच्या दुकानातल्या स्टुलावर एक जण बसलेला असायचाच. मोबाइलवर रॉक आणि ब्लूजवाल्यांची गिटार ऐकायची आणि त्यांचे नंबर लावायचे, एवढंच त्याचं काम. एकाला वर चढवायचा, दुसऱ्याला "हात लय जड" म्हणून खाली ढकलायचा.

एकदा मी माझ्या आवडत्या गिटारवाल्याचं नाव घेतलं.

"तुमी वरातीतले बँजोवाले. तुमाला ब्लूज काय कळायलंय?"

मी भिंतीवरची गिटार काढून त्याच्यापुढं धरली. "वाजवा की मग."

त्यानं ती ऐटीत मांडीवर घेतली. डाव्या हाताची नखं ही एवढी वाढलेली. तार दाबलीच जाईना.

"हिला सूरच न्हाई," म्हणाला, आणि गिटारलाही शेवटचा नंबर देऊन मोकळा झाला.