अर्ध्या बॅटरीवरची परीक्षा

टॅम्सिन आज जेवली नसणार, हे काही केल्या मनातून जात नाही. लेक एकतीस वर्षांची, इंजिनिअर. तरीही.

आमच्या शाळेची बस विजेवर चालते. इकडे उन्हाळा डिसेंबरात. तेव्हा उत्तरेचा गरम वारा सुटून गावाची विजेची लाइन पडली, की त्याच बसच्या बॅटरीतून दवाखान्याला आणि शेजारच्या मर्लच्या प्राणवायूच्या यंत्राला वीज द्यायची, असा बेत. वीज अशी दोन्हीकडे नेणारं यंत्र टॅम्सिनचं. "ख्रिसमसच्या आत होतंय गं," असं मर्लला मीच सांगून बसले.

आज चहाच्या सुट्टीत खिमा-बटाटा भरलेली पेस्टी घेऊन तिच्या वर्कशॉपमध्ये गेले, तर तिच्यासमोर मालक डेस डोक्याला हात लावून बसलेला. माझाच जुना विद्यार्थी.

"चाचणीत तर झकास चाललं होतं, टॅम!"

"चार्ज करताना. बॅटरीतून वीज परत काढायची चाचणी मी भरलेल्या बॅटरीवर घेतली. लाइन पडते संध्याकाळी. मुलांना सोडून आलेल्या बसची बॅटरी तेव्हा अर्धी असते. व्होल्टेज उतरतं, आणि माझं सर्किट उलट्या दिशेने ते चढवूच शकत नाही. चूक माझी."

"मग ही कॉइल-कपॅसिटरच्या रेझोनन्सची भानगडच सोड. स्विचांचे दोन साधे ब्रिज, मध्ये ट्रान्सफॉर्मर. पंधरा दिवसांत उभं करतो."

"आणि रात्री एकट्या मर्लचं यंत्र चालू असेल तेव्हा? इतक्या कमी भारावर तुझ्या ब्रिजचे स्विच तापत राहतील. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना कॉइल-कपॅसिटरची सारखी जोडी हवी. मग वीज जाताना-येताना सारखंच चालेल."

"किती दिवस?"

"दोन महिने."

"उन्हाळा थांबणार आहे का तुझ्यासाठी?" डेस करवादला. मग पेस्टी उचलून माझ्याकडे वळला. "मिस, हिला थोडं खोटं बोलायला शिकवायचं राहिलंच तुमचं."

पण नव्या कॉइलच्या तारेची ऑर्डर त्याने तिथेच दिली.

ती गप्प बसली असती, तर पहिली लाइन पडेपर्यंत कुणाला कळलं नसतं. तीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवलं. कुणी विचारलेलं नसताना आपलंच काम असं खोडणारं माणूस पाहिलं नव्हतं.

मर्लला शब्द मात्र मी दिला होता. तिला खरं सांगायला हवं, आणि उन्हाळाभर आमच्याकडे राहा म्हणायला हवं. आमच्याकडे डिझेलचा जनरेटर आहे. सकाळी बोलू म्हणत होते. पण यंत्राच्या घरघरीने तिला झोप नसते, आणि तिच्या खिडकीत दिवा दिसतोय.

आत्ताच करते फोन.