कर्णिक मास्तर आणि माझे बारा जेरीकॅन

आमची पलटण वर चढली तेव्हा मी लान्स नाईक होतो. पोस्ट बारा हजार फुटांवर, माणसं अठरा, कमांडर सुभेदार साहेब. समोरच्या धारेवर दुश्मन दुर्बीण लावून बसलेला. पाणी खाली नाल्यात. ते पहाटे सहाच्या आत आणायचं, कारण उजाडलं की नाला त्याला दिसायचा.

हवालदार कर्णिक आम्हाला शिकवायला होता. भिवंडीच्या जुन्या आळीतला, घरात तीन पिढ्या मास्तर. मी खाडीकाठच्या अंजूरचा, शाळा चौथीपर्यंत. मला नाईकची दुसरी फीत हवी होती. त्याला लष्कराच्या शिक्षण परीक्षेचं थर्ड क्लास सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी नाव पाठवणार कर्णिक. मी ‘हाय’ म्हटलं की तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "आहे म्हण, गायकवाड. खाडीतून बाहेर ये."

संध्याकाळी फॉल-इनला, सगळे रांगेत उभे असताना, तो रोजच्या वापरातला एक शब्द द्यायचा आणि त्याचं मूळ सांगायचा. दुसऱ्या दिवशी ज्याचं नाव घेईल त्यानं ते परत सांगायचं. नाही आलं तर पुढच्या पहाटे नाल्यावरून पाण्याचा एक जेरीकॅन जादा. तोफ तुर्कांची. बंदूक अरबांची. अंगावरची खाकी फारसी, खाक म्हणजे धूळ. चावी आणि बादली पोर्तुगीजांची. जवानांना मजा यायची. मलाही यायची, पण मी तोंडावर दाखवली नाही.

एक दिवस तो म्हणाला, "घमेलं. हाही पोर्तुगीज. वसईवरून आपल्याकडे आला."

मी म्हटलं, "मास्तर, माझ्या आयनं खाडीची रेती वाहिली त्यात. तवा कुणी पोर्तुगीज हात लावायला आला न्हाय."

अख्खी पोस्ट हसली. सुभेदार साहेबसुद्धा. कर्णिकचे कान लाल झाले.

"उद्या तूच सांगायचंस. घमेलं कुठलं ते."

दुसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, "ठावं न्हाय."

मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. अकरा दिवस त्यानं तेच विचारलं, अकरा दिवस मी तेच सांगितलं आणि अकरा जेरीकॅन वाहिले. साहेब म्हणाले, "गायकवाड, बोलून टाक ना." मी म्हटलं, "साहेब, हुकूम द्या, बोलतो." साहेबांनी हुकूम दिला नाही.

बाराव्या संध्याकाळीही तेच. पुढच्या पहाटे पाच वाजता कर्णिक नाल्याच्या वाटेवर उभा होता.

"आज सांग आणि सुटलास. तुझं नाव परीक्षेला पाठवतो."

"तुमच्या मेहरबानीची फीत मला नको."

"गाढवा, तुझ्या आईला नाही रे काही बोललो मी."

"मग शिपायांसमोर सांगा तसं."

 तो वाटेतून हलला नाही आणि मीही मागं फिरलो नाही. यात चाळीस मिनिटं गेली. मी निघालो तेव्हा पाच चाळीस झाले होते. धुकं होतं, म्हणून साहेबांनी जाऊ दिलं, तेव्हा कर्णिक बाजूला झाला.

सहा दहाला धुकं एकदम उठलं. मी नाल्यावर होतो, कॅन भरलेला. वरून आवाज आला. कर्णिक होता.

"गायकवाड! कॅन टाक! पळ!"

मी टाकला नाही. बारा दिवसांत एकही थेंब सांडला नव्हता, त्याच्या सांगण्यावरून तर सांडणारच नव्हतो. वीस किलो घेऊन चढत राहिलो. मोर्टारचा पहिला गोळा नाल्यात पडला. कर्णिक आडोशाला होता. तो आडोसा सोडून वीस पावलं खाली आला, माझ्या हातातला कॅन हिसकावला आणि दरीत फेकला. मला दगडामागं ढकललं. दुसरा गोळा तेव्हा पडला.

वरून साहेबांचा रेडिओ ऐकू येत होता, खालच्या तळाशी बोलणं चाललेलं.

"चार्ली फॉर अल्फा. एक कॅज्युअल्टी. मास्तर. ओव्हर."

"कोण मास्तर? ओव्हर."

"हवालदार कर्णिक. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"फायर थांबेपर्यंत नाही. आउट."

मी त्याला खांद्यावर घेऊन वर आणलं. सहा चाळीसला तो गेला. 

पुढं दुसरा मास्तर आला. मी पास झालो, फीत मिळाली. पहिल्या सुट्टीत भिवंडीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, वहिनींनी, विचारलं, कसे गेले. मी सगळं सांगितलं, खोटं बोलायला जमत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही कॅन का नाही टाकलात?" मी म्हटलं, त्यांनी टाक म्हटलं म्हणून. "परत येऊ नका," म्हणाल्या. मी गेलो नाही.

आता भिवंडीत दर वर्षी त्याच्या नावानं सभा होते, फोटोला हार घालतात, कर्णिक मास्तर किती प्रेमळ होते ते सांगतात. यातल्या एकानंही त्याच्या हाताखाली एक दिवस काढलेला नाही. तो प्रेमळ नव्हता. खडूस होता, आपल्या आळीचा गर्व होता त्याला आणि माणसाला चारचौघांत खाली पाडायचा. मला तो आवडत नव्हता, आजही आवडत नाही. त्यानं मला उगाच छळलं. मी त्याला उगाच मारलं.

हवालदार कर्णिक, शिक्षक, वय चौतीस. आडोशाला होता. वीस पावलं खाली आला.