तुझ्या घरी कार्य कधी आहे?

१२ जानेवारी

खूप दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. सांगण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि तसं कबूल करायची लाज वाटत होती.

मी लाइफ कोच आहे. आज दुपारी कोपरखैरण्याच्या एका महिला मंडळात माझं सत्र होतं. बोनकोड्याच्या सुमनमावशी पहिल्याच रांगेत होत्या. मी विचारलं, "मावशी, यापुढे तुमच्या आयुष्याचं कार्य काय?"

"कार्य? सगली झाली गो बाय! दोनी पोरींची लग्ना झाली, मालकाचा बारावा झाला. आता कनचा कार्य?"

बायका हसल्या, मीही हसले. मग त्यांनीच विचारलं, "तुज्या घरान कवा हाय? मना बोलव, भाकऱ्या कराला येन."

मी "लवकरच" म्हणाले. ते खोटं होतं. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्याकडे कोणीही जेवायला आलेलं नाही. मी कोणाला बोलावलेलंच नाही. आणि इतरांना मात्र नवी सुरुवात शिकवते.

काही कारण नसताना तुम्ही कोणाला जेवायला बोलावता का? काय सांगून बोलावता?

उद्याचं काम: सुमनमावशींना फोन करून सांगायचं, कार्य काही नाही, तरी या.